पुणे–नाशिक रेल्वे: दोनशेचा वेग पुरेसा का आहे

पुण्याहून नाशिकला रेल्वेनं जायचं तर आधी बोरघाट उतरून कर्जत-कल्याण गाठायचं आणि मग कसाऱ्याचा थळघाट चढून पुन्हा पठारावर यायचं. दोन्ही घाटांत चढ ३७ ला १ आहे, त्यामुळे चढणाऱ्या गाडीला मागून रेटणारी बँकर इंजिनं जोडावी लागतात. दुसरा मार्ग दौंड, अहिल्यानगर, मनमाड असा वळशाचा. राज्यातली दोन मोठी औद्योगिक शहरं एकाच पठारावर, सरळ रस्त्यानं सुमारे २१० किलोमीटरवर आहेत, आणि त्यांच्यामध्ये थेट रूळ नाही. या पोकळीतूनच पुणे–नाशिक सेमी हायस्पीड रेल्वेचा प्रस्ताव आला. तो मंजूर झाला, काही गावांत जमिनीची खरेदीखतंही झाली आणि मग गाडी अडली. मधल्या फळीच्या शहरांमध्ये वेगवान रेल्वे बांधावी का, आणि बांधायची तर किती वेगाची, हे तपासायला इतकं चांगलं प्रकरण महाराष्ट्रात दुसरं नाही.

मूळ आराखडा

राज्य सरकार आणि रेल्वे मंत्रालय यांची संयुक्त कंपनी महारेल हिनं हा आराखडा केला. २३५ किलोमीटरचा दुहेरी, विद्युतीकरण झालेला ब्रॉडगेज मार्ग, ताशी २०० किलोमीटर वेग (पुढे २५० पर्यंत नेण्याची सोय), पुणे ते नाशिक पावणेदोन तास, २४ स्थानकं, १८ बोगदे. एकही फाटक नाही, म्हणून ४१ उड्डाणपूल आणि १२८ भुयारी मार्ग. खर्च १६,०३९ कोटी रुपये. त्यात २० टक्के राज्याचे, २० टक्के रेल्वेचे आणि ६० टक्के कर्जाचे. राज्य मंत्रिमंडळानं २०२१ मध्ये मान्यता दिली.

मार्ग मोठ्या पेठांना धरून आखलेला होता: हडपसर, चाकण, राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर, सिन्नर आणि नाशिक रोड. हा पट्टा रिकामा नाही. चाकणला वाहनउद्योग आहे, नारायणगावला टोमॅटोचा बाजार आहे, सिन्नरला मुसळगाव आणि माळेगावच्या औद्योगिक वसाहती आहेत आणि सगळीकडे कांदा आहे. म्हणूनच ब्रॉडगेजचा निर्णय योग्य होता. देशातल्या नेहमीच्या रुळांपेक्षा अरुंद असलेल्या स्टँडर्ड गेजवर हाच मार्ग बांधला असता तर नाशिक रोडच्या पुढे भुसावळ-नागपूरकडे किंवा पुण्याच्या पुढे सोलापूर-मिरजेकडे एकही डबा जाऊ शकला नसता.

पावणेदोन तास आणि २४ थांबे

या आराखड्यातली दोन आश्वासनं एकाच गाडीत बसत नाहीत. हे गणित कागदावर करून पाहण्यासारखं आहे.

चांगली इलेक्ट्रिक गाडी दर सेकंदाला ताशी साधारण १.४ किलोमीटरनं वेग घेते असं धरू. शून्यावरून २०० ला पोचायला तिला १४० सेकंद आणि ३.९ किलोमीटर लागतात. थांबताना सुमारे ११० सेकंद आणि ३.१ किलोमीटर. म्हणजे एका थांब्यासाठी सात किलोमीटर ती पूर्ण वेगात नसते. न थांबता गेली असती त्यापेक्षा दोन मिनिटांच्या आसपास जास्त जातात, आणि फलाटावरची दोन मिनिटं वेगळी. एका थांब्याची किंमत चार मिनिटं.

आता २३५ किलोमीटर सलग २०० च्या वेगानं कापायला ७० मिनिटं लागतात. वेगमर्यादा, उशीर भरून काढायची सवड यांसाठी दहा टक्के, आणि सुरुवात-शेवटाची दोन मिनिटं धरली की ८० मिनिटं झाली. पावणेदोन तासांतली उरली २५ मिनिटं. त्यात सहा थांबे बसतात. मधले सगळे, म्हणजे २२ थांबे घेणारी गाडी दोन तास पन्नास मिनिटांच्या आसपास जाईल. त्यामुळे एकच वेळापत्रक चालणार नाही. सहा थांब्यांची जलद गाडी, सगळीकडे थांबणारी प्रवासी गाडी आणि तिला बाजूला घ्यायला दर २५-३० किलोमीटरवर लूप लाइन, असं आधीच ठरवून बांधावं लागतं. लूप नंतर घालायची तर दुहेरी मार्गाची सिग्नल व्यवस्था पुन्हा उकलावी लागते.

हेच गणित ३२० च्या वेगानं करू. हा मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेनचा वेग आहे. वेग वाढतो तशी गाडीची ओढ कमी होते, म्हणून ३२० पर्यंतची सरासरी वाढ सेकंदाला ताशी ०.९ किलोमीटर धरली. ३२० गाठायला सुमारे १६ किलोमीटर लागतात आणि थांबायला १०. सहा थांबे म्हणजे सात टप्पे, प्रत्येक टप्पा सरासरी साडेतेहतीस किलोमीटरचा. त्यातले २६ किलोमीटर नुसते वेग घेण्यात आणि सोडण्यात जातात. गाडी पूर्ण वेगात धावते ती फक्त सात-आठ किलोमीटर. एका थांब्याची किंमत आता जवळजवळ सात मिनिटं होते. एकूण वेळ येतो सुमारे ९४ मिनिटं. दोनशेच्या गाडीला १०४ लागत होती.

दहा मिनिटं. तेवढ्यासाठी हवेचा अवरोध अडीच पट होतो, कारण तो वेगाच्या वर्गानं वाढतो, आणि त्या अवरोधावर दर किलोमीटरला खर्च होणारी वीजही त्याच प्रमाणात वाढते. बोगदे रुंद करावे लागतात, नाहीतर आत शिरणाऱ्या गाडीनं दाबलेल्या हवेचा दणका प्रवाशांच्या कानाला बसतो. हायस्पीडच्या बाजूनं बोलणारे बहुतेक जण थांबे न घेता टोकापासून टोकापर्यंतच्या वेळा सांगतात. प्रादेशिक शहरांमधली गाडी तशी धावत नसते. मधली गावं हाच तिचा निम्मा धंदा असतो.

वळणाची त्रिज्या

रेल्वेच्या मार्गबांधणीत एक सूत्र रोज वापरलं जातं. ब्रॉडगेजवर ताशी किलोमीटरमधला सुरक्षित वेग काढायला कँट आणि कँटची तूट यांच्या बेरजेला त्रिज्येनं गुणायचं, त्याचं वर्गमूळ घ्यायचं आणि त्याला ०.२७ नं गुणायचं. त्रिज्या मीटरमध्ये, कँट मिलिमीटरमध्ये. कँट म्हणजे वळणावर बाहेरचा रूळ जितका उंच केलेला असतो ती उंची. तूट म्हणजे वेगवान गाडीला हवी असलेली, पण दिलेली नसलेली उंची.

कमाल कँट १६५ आणि तूट १०० धरली तर ताशी ११० ला ६३० मीटर त्रिज्या पुरते. २०० ला किमान २,०७० मीटर लागते. मुंबई–अहमदाबाद मार्गावर तर किमान ६,००० मीटर ठेवली आहे. आता नकाशा समोर घ्या. राजगुरुनगरच्या पुढे खेड घाट, संगमनेरच्या अलीकडे चंदनापुरीचा घाट, सिन्नर आणि नाशिकच्या मध्ये मोहदरीचा घाट. दोन हजार मीटरची वळणं या डोंगरांच्या सोंडा काही ठिकाणी चुकवून जाऊ शकतात. सहा हजारांची वळणं सोंड चुकवत नाहीत, ती कापून जातात. बोगद्यांची लांबी वाढते ती इथे.

पण अडचण फक्त वेगवान गाडीची नाही. त्याच रुळावरून कांद्याची मालगाडी ताशी ७५ नं गेली तर ती आतल्या रुळावर रेलते, कारण तिच्या मानानं बाहेरचा रूळ फार उंच असतो. याला कँटचा अतिरेक म्हणतात आणि त्याची मर्यादा ७५ मिलिमीटर आहे. मर्यादा ओलांडली की आतला रूळ चेपतो, झिजतो आणि देखभालीची टोळी दर पावसाळ्यानंतर तिथेच अडकते. २,००० मीटरच्या वळणावर ७५ च्या गाडीला जेमतेम ३९ मिलिमीटर कँट लागतो. त्यात ७५ मिळवले की ११४. यापेक्षा जास्त कँट देता येत नाही. मग २०० च्या गाडीसाठी त्रिज्या वाढवून अडीच किलोमीटरच्या पुढे न्यावी लागते. मालगाडी आणि २०० ची गाडी एका मार्गावर हवी असतील तर जमिनीची आखणी करतानाच हा निर्णय घ्यावा लागतो. एकदा रूळ पडल्यावर त्रिज्या वाढवता येत नाही. चढाचंही तसंच. फक्त प्रवासी गाड्या धावणार असतील तर उभा चढ चालतो, मालवाहतूक हवी असेल तर १०० ला १ किंवा त्याहून सौम्य ठेवावा लागतो, आणि तो सौम्य ठेवला की पूल आणि बोगदे लांबतात.

संगमनेर-सिन्नर भागातली काळी माती हा वेगळा मुद्दा. ती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. भरावाखालची अशी माती पुरेशी खोल काढून मुरूम भरला नाही, खडीखाली ब्लँकेट म्हणतात तो दाणेदार मातीचा थर नीट दाबला नाही, तर दोनच पावसाळ्यांत रुळाची पातळी हलते. ११० च्या मार्गावर ते ‘सावकाश जा’ची पाटी लावून निभावतं. २०० च्या मार्गावर अशी एक पाटी चार-पाच मिनिटं खाते. भुयारी मार्गांत पाणी साचणं हे तर प्रत्येक रेल्वेमार्गाच्या शेजाऱ्यांना ठाऊक आहे. १२८ भुयारी मार्ग म्हणजे उतारानं पाणी बाहेर न गेल्यास १२८ पंप, आणि शेतकऱ्याचा ट्रॅक्टर अडला की पहिला घाव कुंपणावर बसतो. जुन्नर परिसरातल्या उसात बिबटे राहतात. बंदिस्त मार्गाला त्यांच्यासाठीही वाटा ठेवाव्या लागतील, आणि त्या भुयारी रस्त्यांत उरकता येत नाहीत.

खोडदच्या दुर्बिणी

काम अडलं ते नारायणगावजवळ. तिथून जवळच खोडदला जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, त्यातल्या १४ मधल्या भागात एकवटलेल्या आणि बाकीच्या इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन शाखांवर पसरलेल्या. दोन तबकड्यांमधलं कमाल अंतर सुमारे २५ किलोमीटर. ही जागा निवडली होतीच रेडिओ गोंगाट कमी म्हणून. लांबच्या आकाशगंगांतून येणारी लहर इतकी क्षीण असते की शेजारची ठिणगीसुद्धा तिच्यावर मात करते.

बरेच जण याला ‘विजेच्या तारेची ठिणगी’ एवढंच समजतात. ठिणगी आहेच. २५ हजार व्होल्टच्या तारेवरून पँटोग्राफ, म्हणजे गाडीच्या छतावरचा वीज घेणारा सांगाडा, उसळला की विजेची जी कमान पडते ती रुंद पट्ट्यात रेडिओलहरी सोडते, आणि वेग वाढला की उसळणंही वाढतं. पण तेवढ्यानं भागत नाही. टक्कर टाळणारी कवच यंत्रणा गाडी आणि स्थानक यांच्यात ४०६ ते ४३० मेगाहर्ट्झच्या रेडिओवर बोलते. दुर्बिणीचा एक मुख्य पट्टा २५० ते ५०० मेगाहर्ट्झचा आहे. रेल्वेसाठी राखलेला नवा ७०० मेगाहर्ट्झचा एलटीई (४जी मोबाइलसारख्या संपर्काचा) पट्टाही दुर्बिणीच्या ५५० ते ८५० च्या पट्ट्यात पडतो. म्हणजे तार झाकली, कुंपण घातलं, तरी गाडीचं संभाषण उरतंच, आणि ते सुरक्षिततेसाठी बंद करता येत नाही.

यावर मार्ग तीन. अंतर वाढवणं, मध्ये डोंगर घेणं, किंवा मार्ग जमिनीखाली नेणं. खोल खणलेल्या चरातून नेलं तर लहरी काही अंशी अडतात, बोगद्यातून नेलं तर बऱ्याच, पण बोगद्यात संभाषणासाठी ‘गळक्या’ केबलची, म्हणजे लांबीभर लहरी बाहेर सोडणाऱ्या केबलची, सोय करावी लागते आणि दोन्ही तोंडांशी प्रश्न राहतोच. दुर्बिणीचं शास्त्रीय काम जागतिक दर्जाचं आहे आणि ती हलवता येत नाही. रूळ हलवता येतो. इथे दुर्बिणीला झुकतं माप देणं आम्हाला बरोबर वाटतं. मात्र ‘दुर्बीण आहे म्हणून थेट मार्गच रद्द’ हा निष्कर्ष त्यातून आपोआप निघत नाही. पश्चिमेला डोंगराआडून किती किलोमीटर सरकल्यावर गोंगाट सहन होण्याजोगा राहील, हे प्रत्यक्ष धावत्या गाडीच्या मोजणीनं ठरवायचं काम आहे.

पैशाचा हिशेब

१६,०३९ कोटींना २३५ नं भागलं की किलोमीटरला ६८ कोटी. मुंबई–अहमदाबादचा मूळ अंदाज १ लाख ८ हजार कोटींचा, ५०८ किलोमीटरसाठी. किलोमीटरला २१३ कोटी. त्याच दरानं पुणे–नाशिक ५० हजार कोटींना पडला असता. दिल्ली–मेरठ नमो भारत मार्गाचा ८२ किलोमीटरसाठीचा ३०,२७४ कोटींचा खर्च किलोमीटरला ३६९ कोटी होतो. तो बहुतांश उंचावरून आणि शहरातून जातो, आणि तितकी दाट वस्ती मंचर-संगमनेर पट्ट्यात नाही. मुंबई–अहमदाबादला जपानचं ०.१ टक्के व्याजाचं, ५० वर्षांचं कर्ज मिळालं. तशी अट प्रत्येक प्रादेशिक मार्गाला मिळेल असं धरून चालणं धोक्याचं आहे.

कर्ज ६० टक्के म्हणजे ९,६२३ कोटी. व्याज ८ टक्के धरलं तर वर्षाला ७७० कोटी. तिकीट ५०० रुपये, निम्मे गाडी चालवण्यात गेले, २५० उरले असं समजू. नुसतं व्याज फेडायला वर्षाला तीन कोटींवर प्रवासी लागतात, दिवसाला ८४ हजार. आठ डब्यांच्या वंदे भारतमध्ये ५३० जागा असतात. ७० टक्के भरली तर ३७० माणसं. म्हणजे दिवसाला २२७ फेऱ्या, पहाटे पाच ते रात्री अकरापर्यंत प्रत्येक दिशेला साडेनऊ मिनिटांनी एक गाडी. हे होणार नाही. आणि १६ हजार कोटींचा आकडा जुना आहे. वर्षाला ५ टक्के वाढ धरली तरी पाच वर्षांत तो २० हजारांच्या पुढे जातो.

म्हणून तिकिटाच्या पैशावर हा मार्ग फिटेल असं कुणी सांगत असेल तर ते चूक आहे. रस्ताही तिकिटावर फिटत नाही. दिवसाला ३० हजार प्रवासी धरा: तिकिटातून २७४ कोटी. प्रत्येकाचे दीड तास वाचले आणि तासाची किंमत १५० रुपये धरली तर आणखी २४६ कोटींचा सामाजिक फायदा. बेरीज ५२०. व्याजाला २५० कोटी कमी पडतात. ते मालवाहतूक, कमी होणारे रस्ता-अपघात आणि चाकणच्या वाहतुकीचा कमी होणारा भार यांतून येऊ शकतात. आज चाकणला बनलेली मोटार रेल्वेनं पाठवायची तर आधी रस्त्यानं चिंचवडसारख्या मालधक्क्यापर्यंत न्यावी लागते. म्हणून २०० च्या ब्रॉडगेजचं समर्थन करता येतं, आणि त्यात मालगाडीचा वाटा निर्णायक आहे. ३२० च्या मार्गाचं व्याज मात्र वर्षाला २,४०० कोटी होतं, आणि तो मालगाडी घेत नाही.

घर ते घर

प्रवासी स्थानकात राहत नाही. कोथरूडहून पुणे स्टेशन ४५ मिनिटं, गाडीची वाट २०, प्रवास १०५, नाशिक रोडहून गंगापूर रोड ३५. एकूण ३ तास २५ मिनिटं. मोटारीनं हेच पाच तासांच्या आसपास. यात वेग ३२० करून दहा मिनिटं वाचतात. दोन तासांनी सुटणारी गाडी अर्ध्या तासानं सोडली तर त्याहून कितीतरी जास्त वाचतात. फ्रान्सनं १९९४ मध्ये आमियाँ आणि सँ-कॉंताँ यांच्या मध्ये, बीटच्या शेतात टीजीव्हीचं स्थानक बांधलं. ते दोन्ही शहरांना दूर पडलं, आणि बीटचं स्थानक हे नाव त्याला चिकटलं. तैवानमध्ये २००७ पासून ३०० च्या वेगाची गाडी आहे. तिथेही ताइनानसारख्या शहरांत स्थानक बाहेर गेलं, आणि २०१५ मध्ये कंपनीची आर्थिक फेरमांडणी करावी लागली. सरळ आणि वेगवान मार्गाचा आग्रह स्थानकाला गावाबाहेर ढकलतो. संगमनेर किंवा सिन्नरचं स्थानक बसस्टँडपासून आठ किलोमीटरवर गेलं तर लोक एसटीनंच जातील, आणि त्यांचं बरोबरच असेल.

शिर्डीकडून जाणारा पर्याय

रेल्वे मंत्रालयानं आता नाशिक–शिर्डी नवा मार्ग, शिर्डी–पुणतांबे आणि दौंड–मनमाड मार्गांचं दुहेरीकरण, आणि पुणे–अहिल्यानगर नवा मार्ग अशी जोडणी पुढे केली आहे. ही कामं स्वतःच्या बळावर चांगली आहेत. शिर्डीला भाविक आहेत, अहिल्यानगरला पुण्याशी थेट रूळ हवाच. पण रस्त्यानंसुद्धा हा मार्ग तीनशे किलोमीटरच्या आसपास भरतो. त्यातला मधला भाग ११०–१३० च्या रुळावर आहे. पुणे–नाशिक प्रवाशाला तो तीन तासांच्या आत आणणं अवघड आहे. राजगुरुनगर ते सिन्नर ही सगळी पेठ तर त्यातून वगळली जाते. त्या तालुक्यांतून मूळ मार्गाची मागणी सुरू आहे ती याच कारणानं. त्यातच पुणे–नाशिक औद्योगिक द्रुतगती महामार्गाचीही आखणी चालू आहे. तो आधी झाला तर मोटारीचे पाच तास कमी होतील आणि वर मांडलेले रेल्वेचे ३० हजार प्रवासी घटतील. दोन्हींचा वाहतूक अंदाज एकत्र करायला हवा.

कुठून सुरुवात करावी

वाद मधल्या भागाचा आहे, टोकांचा नाही. नाशिक रोड ते सिन्नर आणि पुढे संगमनेर हा भाग दुर्बिणीपासून दूर आहे. सिन्नर भागात काही जमीन खरेदीही झाली आहे. सिन्नरच्या वसाहतींत नाशिकहून रोज कामगार जातात, आणि सिन्नरच्या मालधक्क्याला पहिल्या दिवसापासून काम मिळेल. दक्षिणेला पुणे–चाकण–राजगुरुनगर तसाच. दोन्ही तुकडे स्वतंत्रपणे चालू शकतात, सुरुवातीला १३०-१६० नंही, कारण १६० पर्यंत नेहमीच्या सिग्नलवर कवच बसवून भागतं. त्यापुढे गाडी चालकाच्या केबिनमधल्या सिग्नलवरच चालवावी लागते.

मात्र एक काळजी घ्यावी लागेल. राजगुरुनगर आणि संगमनेरला टोकाचे रूळ कुठल्या दिशेला तोंड करून थांबतात, हे मधला मार्ग ठरण्याआधीच ठरून जाईल. ही तोंडं नारायणगावकडे रोखलेली असतील तर पुढे पश्चिमेला सरकायला अडीच किलोमीटरच्या वळणाला जागाच उरणार नाही. म्हणून या दोन स्थानकांच्या पलीकडे किमान सात-आठ किलोमीटरची जमीन दोन्ही संभाव्य दिशांना मोजून राखून ठेवावी, आणि खोडदच्या मोजण्या पूर्ण झाल्यावर त्यातली नको असलेली दिशा शेतकऱ्यांना लेखी मोकळी करून द्यावी.